बोटाच्या सांध्याचं जुनं फ्रॅक्चर: ऑपरेशनमध्ये नेमकं काय करतात?

कॅच घेताना बॉल बोटाच्या टोकावर बसतो, बोट सुजतं, ग्राउंडवरचाच कुणीतरी ते धरून ओढतो. मग "मुरगळलंय, होईल बरं" म्हणत शेजारच्या बोटाला चिकटपट्टीने बांधलं की विषय संपला. क्रिकेट, व्हॉलीबॉल, कबड्डी खेळणाऱ्या जवळपास प्रत्येक ग्रुपमध्ये असं एक बोट सापडतंच. दीड-दोन महिन्यांनी सूज बरीच उतरलेली असते, पण मधला सांधा जाडच राहतो, मूठ पूर्ण वळत नाही, बाईकचा क्लच दाबताना कळ येते. मग एक्स-रे निघतो आणि डॉक्टर सांगतात की ते मुरगळणं नव्हतंच. सांध्याच्या आतलं हाड मोडलं होतं आणि आता ते 'जुनं' झालंय.

अशा जुन्या फ्रॅक्चरवर आज कोणती ऑपरेशन्स होतात, त्यात नेमकं काय करतात आणि बोट किती परत मिळतं, हे या लेखात समजून घेऊया. भर बोटाच्या मधल्या सांध्यावर ठेवला आहे, कारण सगळ्यात जास्त नुकसान तिथेच होतं आणि सगळ्यात भन्नाट ऑपरेशनही तिथलंच आहे.

मधला सांधा कसा चालतो?

अंगठा सोडला तर प्रत्येक बोटात तीन हाडं आणि तीन सांधे असतात. त्यातला मधला सांधा दाराच्या बिजागरीसारखा आहे. तो फक्त एकाच दिशेने वाकतो, पण वाकतो भरपूर, सरळ स्थितीपासून साधारण १०० ते ११० अंशांपर्यंत. पहिल्या हाडाच्या टोकाला दोन छोटे गोल उंचवटे असतात आणि दुसऱ्या हाडाच्या बुडाला त्यांना बसेल अशी उथळ वाटी असते. वाटीच्या मधोमध एक बारीक कणा असतो, तो दोन उंचवट्यांच्या मधल्या खाचेत फिरतो. सांध्याच्या दोन्ही बाजूंना लिगामेंट्स आणि तळहाताच्या बाजूला एक जाड पट्टा असतो, ज्याला डॉक्टर व्होलर प्लेट म्हणतात. बोट मागे उलटं वळू नये ही त्या पट्ट्याची ड्युटी.

बॉल टोकावर आदळला की दुसरं हाड पहिल्यावर जोरात ठोकलं जातं आणि वाटीची तळहाताकडची कड फुटते. कड छोटी फुटली, म्हणजे सांध्याच्या पृष्ठभागाच्या ३० टक्क्यांपेक्षा कमी, तर सांधा बहुतेक वेळा जागेवर टिकतो. निम्म्याहून जास्त गेली तर वाटी उरतच नाही, उतार उरतो. त्या उतारावरून दुसरं हाड बोटाच्या पाठीकडे घसरतं. ३० ते ५० टक्क्यांच्या मधली केस डॉक्टरांना सगळ्यात जास्त विचार करायला लावते.

जुनं म्हणजे किती जुनं?

बहुतेक हँड सर्जन सहा आठवड्यांनंतरच्या दुखापतीला जुनी म्हणतात. खरं तर तीन-चार आठवड्यांतच बोट नुसतं ओढून सांधा बसवणं अवघड होऊन जातं. शरीर वाट बघत थांबत नाही. तुटलेला तुकडा चुकीच्या जागी जुळतो किंवा झिजून लहान होतो. बाजूची लिगामेंट्स आखडतात. घसरलेल्या सांध्याच्या पोकळीत घट्ट व्रणपेशी भरतात. आणि मुख्य म्हणजे हाड गोल फिरण्याऐवजी एका बिंदूवर कलतं, त्यामुळे वरच्या हाडाचा गुळगुळीत कूर्चा घासला जातो. पुढे कोणतं ऑपरेशन शक्य आहे हे बऱ्याच अंशी या कूर्च्यावर ठरतं. दोन महिन्यांनी आलेला आणि दोन वर्षांनी आलेला पेशंट यांच्यात फरक पडतो तो इथे.

म्हणूनच जुन्या फ्रॅक्चरमध्ये 'तुकडा परत जागेवर लावून स्क्रू मारा' हा सोपा मार्ग सहसा बंद झालेला असतो. लावायला तुकडाच धड उरलेला नसतो.

एक्स-रेमध्ये काय दिसतं?

पूर्ण पंजाचा एक्स-रे काढला तर बाजूने बघताना चारही बोटं एकमेकांवर येतात आणि घसरलेला सांधा सहज नजरेतून सुटतो. त्याच एका बोटाचा, अगदी काटेकोर बाजूने काढलेला एक्स-रे हवा. त्यात दोन हाडांमधली फट सगळीकडे सारखी दिसायला हवी. ती पाठीच्या बाजूला इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखी उघडलेली दिसली तर सांधा पूर्ण बसलेला नाही, हे पक्कं. किती टक्के पृष्ठभाग गेला आणि उरलेला कसा आहे हे बघायला कधी कधी सीटी स्कॅनही करतात.

प्रत्येकाला ऑपरेशन लागतं का?

नाही. रोजच्या बहुतेक कामांना मधला सांधा साधारण ६० अंशांपर्यंत वाकला तरी भागतं. दुखत नसेल, सांधा जागेवर असेल आणि तेवढी हालचाल असेल तर चांगली फिजिओथेरपी आणि थोडा धीर हा पर्याय अजिबात कमी दर्जाचा नाही. एक्स-रे वाईट दिसतो एवढ्यावरून कुणी लगेच ऑपरेशन सुचवत असेल तर दुसरं मत जरूर घ्या. उलट सांधा घसरलेलाच असेल तर नुसत्या व्यायामाने तो बसणार नाही, जोर लावून तो आणखी झिजू शकतो. हाडवैद्याकडे जाऊन जुनं बोट पुन्हा ओढून घेणं तर नकोच. आखडलेल्या सांध्यावर असा जोर देऊन नवीन तुकडा पडू शकतो.

तुमचं काम काय, हात कोणता, बोट कोणतं, हे सगळं निर्णयात धरावं लागतं. तबला वाजवणाऱ्याची करंगळी आणि कॉल सेंटरमध्ये बसणाऱ्याची करंगळी यांचा हिशोब एकच कसा असेल?

मनगटातलं हाड बोटात: हेमी-हॅमेट

आता मुख्य ऑपरेशन. आपल्या मनगटात आठ छोटी हाडं असतात. त्यातलं करंगळीच्या बाजूचं एक म्हणजे हॅमेट. अनामिका आणि करंगळी यांच्या मागची तळव्यातली दोन लांब हाडं या हॅमेटवर टेकतात, त्यामुळे त्याच्या पुढच्या टोकाला दोन उथळ वाट्या आणि मधे एक कणा असतो. ओळखीचं वाटतंय? बोटाच्या दुसऱ्या हाडाच्या बुडाशीही अशीच रचना असते. वर कूर्चाही तसाच. या साम्याचा उपयोग करून अमेरिकेतल्या इंडियानापोलिसचे हँड सर्जन हिल हेस्टिंग्ज यांनी १९९९ मध्ये ही पद्धत मांडली: फुटलेली कड काढून टाकायची आणि हॅमेटचा तेवढाच तुकडा कापून तिथे बसवायचा. म्हणजे स्पेअर पार्ट आपल्याच शरीरातला, आणि तोही ओरिजिनल कूर्च्यासकट.

ऑपरेशनमध्ये बोटाच्या तळहाताकडच्या बाजूने नागमोडी चीर देतात. सरळ उभी चीर घडीवरून गेली तर व्रण आखडून बोट कायमचं वाकवू शकतो, म्हणून ही वळणं. बोट वाकवणारे दोर, म्हणजे टेंडन्स, एका नळीतून जातात. त्या नळीचा मधला भाग उघडून दोर बाजूला घेतात, पण नळीचे दोन महत्त्वाचे पट्टे जपून ठेवतात, नाहीतर दोर धनुष्याच्या दोरीसारखा वर उचलला जातो. बोटाच्या दोन्ही कडांनी जाणाऱ्या नसा आणि रक्तवाहिन्या मोकळ्या करून सांभाळाव्या लागतात. मग व्होलर प्लेट आणि बाजूची लिगामेंट्स सोडवून बोट मागे उलटं उघडतात. जुन्या दुनळी बंदुकीत काडतूस भरताना नळी कशी मोडून खाली पाडतात, तसं. सर्जन लोक या पद्धतीला 'शॉटगन' असंच म्हणतात. जुन्या केसमध्ये इथे पाठीमागचा आखडलेला व्रणही सोडवावा लागतो, नाहीतर सांधा परत बसत नाही.

आता आतलं सगळं डोळ्यांसमोर येतं. वरच्या हाडाचा कूर्चा शाबूत आहे का, हे सर्जन इथे प्रत्यक्ष बघतात. तो पार झिजलेला असेल तर हे ऑपरेशन तिथेच सोडून दुसरा प्लॅन घ्यावा लागतो, म्हणून संमतीपत्रावर दोन्ही पर्याय लिहून घेणारे डॉक्टर बरोबरच करतात. कूर्चा ठीक असेल तर फुटलेली कड चौकोनी खोक्यासारखी नीट कापून मापं घेतात. हाताच्या पाठीवर, मनगटाजवळ छोटी चीर देऊन हॅमेटचा तुकडा बारीक करवत आणि छिन्नीने काढतात. तो थोडा मोठाच घेतात, कारण घासून लहान करता येतो, लहान पडला तर पंचाईत. तुकडा खाचेत बसवून १ ते १.५ मिलिमीटर जाडीचे दोन किंवा तीन स्क्रू लावतात. मग सांधा परत मिटवतात, वाकवून-सरळ करून बघतात, ऑपरेशन टेबलवरच्या चालत्या एक्स-रेवर खात्री करतात.

यातली खरी कसरत म्हणजे तुकड्याचा कोन. तो सपाट बसला तर पुन्हा उतारच तयार होतो आणि सांधा परत घसरतो. कड नीट वर आली पाहिजे, वाटी वाटीसारखी झाली पाहिजे. दोन मिलिमीटरचा खेळ आहे सगळा. म्हणून हे ऑपरेशन हाताच्या शस्त्रक्रिया नियमित करणाऱ्या सर्जनकडेच करावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

मनगटाचं काय? हॅमेटचा वरचा थोडाच भाग घेतलेला असतो, त्यामुळे पकड सहसा सुटत नाही. काहींना तिथे काही महिने दुखतं.

निकाल कसे असतात? प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांमध्ये मधल्या सांध्याची हालचाल सरासरी साधारण ७० ते ८५ अंश मिळालेली दिसते. म्हणजे मूळच्या १००-११० पर्यंत बोट जात नाही, पण मूठ कामाची होते. शेवटचे काही अंश सरळ न होणं हे तर बऱ्याच जणांच्या बाबतीत राहतं. काही वर्षांनी एक्स-रेमध्ये झीज दिसू शकते, ती असूनही अनेकांना त्रास होत नाही.

भूल देतात की जागं ठेवतात?

दोन्ही होतं. खांद्याजवळ किंवा काखेत इंजेक्शन देऊन पूर्ण हात बधिर करता येतो. कॅनडाचे सर्जन डोनाल्ड लालोंड यांनी लोकप्रिय केलेल्या पद्धतीत मात्र फक्त बोट आणि हाताचा भाग बधिर करतात, पेशंट पूर्ण जागा असतो. बधिर करणाऱ्या औषधात अ‍ॅड्रेनलिन मिसळलेलं असतं, त्यामुळे रक्त कमी येतं आणि दंडाला घट्ट पट्टा बांधावा लागत नाही. बोटात अ‍ॅड्रेनलिन दिलं तर बोट काळं पडतं अशी भीती अनेक दशकं होती. योग्य प्रमाणात दिल्यास तसं होत नाही आणि परिणाम उलटवणारं औषधही आहे, हे आता मान्य झालंय. फायदा असा की टेबलवरच "आता बोट वाकवा" म्हणता येतं आणि दोर कुठे अडकतो ते तिथेच कळतं.

हॅमेट जमत नसेल तर?

सगळ्यात जुना पर्याय म्हणजे व्होलर प्लेटच पुढे ओढून फुटलेल्या जागी शिवणं. न्यूयॉर्कचे ईटन आणि मालेरिच यांनी आपला दहा वर्षांचा अनुभव १९८० मध्ये प्रसिद्ध केला होता. हाडाच्या जागी मऊ पट्टा येतो, त्यामुळे कड निम्म्याहून जास्त गेली असेल तर सांधा परत घसरण्याची भीती असते. नुकसान कमी असेल तर अजूनही हा चांगला उपाय आहे.

बाहेरून तारा आणि चौकट लावून सांधा हळूहळू ताणणं हाही एक मार्ग. जपानच्या सुझुकी यांची रबर बँडवाली चौकट १९९४ पासून माहीत आहे, पण ती प्रामुख्याने ताज्या दुखापतीसाठी. आपल्याकडे मुंबईचे डॉ. बी. बी. जोशी यांनी विकसित केलेली 'जेस' ही हलकी चौकट हातासाठी वापरली जाते. खूप आखडलेल्या जुन्या सांध्यात आधी चौकटीने जागा करायची आणि मग दुरुस्ती करायची, असं दोन टप्प्यांतही करतात.

दोन्ही बाजूंचा कूर्चा गेला असेल तर कृत्रिम सांधा किंवा सांधा कायमचा जोडून टाकणं, एवढंच उरतं. सिलिकॉनचा बोटाचा सांधा अमेरिकेच्या आल्फ्रेड स्वॉन्सन यांनी १९६० च्या दशकात आणला. तो दुखणं चांगलं कमी करतो, हालचाल मध्यम देतो, पण तरुण आणि अंगमेहनतीचं काम करणाऱ्याच्या हातात तो तुटू शकतो. अंगठ्याशेजारच्या बोटात तर तो सहसा टाळतात, कारण चिमटीत धरताना त्या बोटावर बाजूने जोर येतो.

सांधा जोडणं, म्हणजे फ्युजन, ऐकायला शिक्षा वाटते. पण दुखणारं, डगमगणारं बोट कायम दुखतच ठेवण्यापेक्षा ते बऱ्याचदा बरं पडतं. मधला सांधा साधारण ४० अंशांत (तर्जनी) जोडतात आणि करंगळीकडे जाताना प्रत्येक बोटाला सुमारे पाच-पाच अंश वाढवतात, म्हणजे मूठ आपल्या नैसर्गिक आकारात राहते. जोडलेला सांधा पुन्हा सुटा करता येत नाही, हे मात्र आधीच पक्कं समजून घ्या.

काही फ्रॅक्चर्समध्ये वाटी ठीक असते, पण वरच्या हाडाचा एक उंचवटा खाली सरकून तसाच जुळलेला असतो. मूठ वळताना बोट शेजारच्या बोटावर चढतं. तिथे जुळलेलं हाड परत कापून सरळ करतात. लहान मुलांच्या वाढत्या हाडात सांधाच नष्ट झाला असेल तर पायाच्या दुसऱ्या बोटाचा सांधा रक्तवाहिन्यांसकट हातात बसवतात, म्हणजे तो वाढत राहू शकतो. हे मोठं आणि विरळा होणारं ऑपरेशन आहे.

टोकाच्या सांध्याचं प्रकरण जरा वेगळं. नखाकडचं पेर खाली लोंबतं आणि आपोआप सरळ होत नाही, त्याला मॅलेट फिंगर म्हणतात. इथे काही आठवडे उशीर झाला असला तरी सहा ते आठ आठवडे अखंड स्प्लिंट लावून सुधारणा होऊ शकते. 'अखंड' म्हणजे आंघोळीलाही बोट वाकवायचं नाही. एकदा वाकलं की दिवस पुन्हा एकपासून मोजायचे.

ऑपरेशननंतरचे तीन महिने

हेमी-हॅमेटनंतर बोटाच्या पाठीवर एक स्प्लिंट असतो. तो बोट पूर्ण सरळ होऊ देत नाही, शेवटचे २०-३० अंश अडवतो, पण वाकवायला मोकळीक देतो. हालचाल बहुधा पहिल्याच आठवड्यात सुरू करतात. टाके ओले असताना बोट हलवायला सांगितलं की घरचे घाबरतात, पण गप्प ठेवलेलं बोट टेंडनसकट चिकटून बसतं. सुमारे सहा आठवड्यांत हाड जुळतं, मग स्प्लिंट सुटतो आणि ताकदीचे व्यायाम येतात. बॉलचे खेळ साधारण तीन महिन्यांनी, तेही डॉक्टरांनी एक्स-रे बघून हो म्हटल्यावर. सूज आणि ताठरपणा मात्र वर्षभर हळूहळू कमी होत राहतो. सिगारेट ओढत असाल तर बंद करा, निकोटीनमुळे हाड उशिरा जुळतं.

फोन इथे कामाला येतो

दर आठवड्याला एकाच जागी बसून, एकाच अंतरावरून, बोट पूर्ण वाकवलेलं आणि पूर्ण सरळ केलेलं, असे बाजूने दोन फोटो काढा. कोन मोजणारी मोफत अ‍ॅप्स आहेत. पाच अंशांचा फरक अ‍ॅपच्या चुकीचाही असू शकतो, म्हणून एका आठवड्याकडे न बघता महिन्याचा कल बघा.

एक्स-रे दुसऱ्या डॉक्टरांना पाठवायचा असेल तर व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो म्हणून टाकू नका, तो दाबून लहान केला जातो आणि बारीक कड पुसट होते. फाईल 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. सेंटरकडून मूळ डिजिटल फाईल मागून घ्या, ती डायकॉम स्वरूपात मिळते. फिल्मच असेल तर लॅपटॉपवर कोरं पांढरं पान उघडून त्यासमोर धरा आणि फ्लॅश बंद ठेवून फोटो काढा.

पट्टीतलं बोट टचस्क्रीनवर चालणार नाही, कारण स्क्रीनला उघड्या त्वचेचा स्पर्श लागतो. आधीच दुसऱ्या हाताचं बोट फिंगरप्रिंटमध्ये नोंदवून ठेवा. चीर बोटाच्या मधल्या भागात असते, टोकावर नाही, त्यामुळे तुमचा ठसा बदलत नाही; सुजेमुळे काही दिवस सेन्सर नाटकं करेल इतकंच. टायपिंगसाठी जीबोर्डवर मराठी व्हॉइस टायपिंग सुरू करा.

डॉक्टरांना काय विचाराल?

माझ्या सांध्याचा किती टक्के पृष्ठभाग गेलाय? वरच्या हाडाचा कूर्चा कसा आहे? आत उघडल्यावर तो खराब निघाला तर तुम्ही काय कराल? हे ऑपरेशन तुम्ही किती वेळा केलंय? सांगितलेल्या खर्चात स्प्लिंट, स्क्रू आणि हँड थेरपी धरली आहे का? शेवटचा प्रश्न लाजून टाळू नका, कारण थेरपीचे पैसे नाहीत म्हणून मधेच सोडून दिलं तर ऑपरेशनचाही फायदा हातातून जातो.

धोकेही विचारा. बोटाच्या कडेला बधिरपणा, जंतुसंसर्ग, टेंडन चिकटणं आणि त्यासाठी पुन्हा छोटं ऑपरेशन, तुकडा खचणं किंवा सांधा परत घसरणं, हे सगळं होऊ शकतं. घरी आल्यावर बोट पांढरं किंवा निळं पडलं, पट्टीतून वास किंवा पू आला, ताप आला, किंवा गोळी घेऊनही ठणका वाढतच गेला, तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.